बीओडीला लागतात तीन दिवस, प्रॅक्टिकल दोन तासांचं

सिव्हिलच्या पर्यावरण लॅबमध्ये पीएच, टर्बिडिटी, क्लोराइड, हार्डनेस, जार टेस्ट ही प्रॅक्टिकल्स दोन तासांत उरकतात. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जंतूंना किती ऑक्सिजन लागतो याची चाचणी, उरकत नाही. बाटली आज भरायची आणि उत्तर तीन दिवसांनी. बॅचचा वार मात्र आठवड्यातून एकदाच येतो. मग व्हायचं तेच होतं: पहिल्या दिवशी बाटल्या भरल्या जातात, तिसऱ्या दिवशी इनक्युबेटरकडे कोणी फिरकत नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरच्या जर्नलमधून २१० (मिलीग्रॅम प्रति लिटर) हा आकडा छापला जातो. एक्सटर्नलला ते कळतं. कसं कळतं ते पुढे येईलच.

आधी वेळापत्रक. सोमवारी भरलेली बाटली गुरुवारी, मंगळवारची शुक्रवारी, बुधवारची शनिवारी, शुक्रवारची सोमवारी. गुरुवारच्या बॅचचा तिसरा दिवस रविवार, तेव्हा त्या बॅचने बीओडीपुरता वार बदलून घ्यावा. तिसऱ्या दिवशी अख्ख्या बॅचची गरज नसते. दोघंजण तासभर मोकळे असले तरी पुरे, फक्त बाटल्या ज्या वेळेला आत गेल्या साधारण त्याच वेळेला बाहेर यायला हव्यात. आणि प्रॅक्टिकलच्या यादीत काहीही क्रम असो, सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, आधी काढा. डायक्रोमेटबरोबर दोन तास रिफ्लक्स केलं की त्याच दिवशी आकडा हातात येतो. घरगुती मैलापाण्याचा बीओडी सीओडीच्या साधारण निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे बाटलीत किती मिली नमुना घालायचा याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. हा अंदाज नसेल तर तीन दिवसांनी सगळ्या बाटल्या बाद झालेल्या दिसतात.

तीन दिवस आणि २७ अंश हे आपल्याकडचं, भारतीय मानक आयएस ३०२५ च्या भाग ४४ मधलं. पाच दिवसांची पद्धत ब्रिटनच्या मैलापाण्यावरच्या रॉयल कमिशनची, १९१२ च्या आठव्या अहवालातली. तिथे तापमान ६५ अंश फॅरनहाइट होतं, पुढे ते २० सेल्सिअसवर स्थिरावलं. तिथल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं म्हणून पाच दिवस, असं सांगतात. भारतात इनक्युबेटर २० वर धरून ठेवायचा म्हणजे वर्षातले बहुतेक महिने कॉम्प्रेसर चालवायचा. २७ हे इथल्या हवेला धरून आहे, आणि त्या तापमानाला जंतू जोरात काम करतात म्हणून दिवसही कमी लागतात.

"दोन्ही सारखेच" असं व्हायवात ठोकून देण्याआधी एकदा गणित करा. के म्हणजे बीओडी संपण्याचा वेग; २० अंशांना तो ०.२३ प्रतिदिन धरा. तापमान एका अंशाने वाढलं की के कितीपट होतो तो थीटा; तो १.०४७ घेतला तर त्याचा सातवा घात १.३८, म्हणजे २७ अंशांना के झाला ०.३१७. तीन दिवसांत अंतिम बीओडीचा (सगळी घाण संपेपर्यंत लागणाऱ्या ऑक्सिजनचा) ६१ टक्के भाग संपतो. २० अंशांना पाच दिवसांत ६८ टक्के. म्हणजे तीन दिवसांचा आकडा पाच दिवसांच्या सुमारे ९० टक्के आला, सारखा नाही. २० ते ३० अंशांसाठी १.०५६ हा थीटाही वापरतात; तो घेतला तर ९३ टक्के. व्यवहारात हा फरक सोडून देतात, कारण टेस्टचा स्वतःचा हेलकावा त्याहून मोठा असतो. पण परदेशी पुस्तकातला पाच दिवसांचा आकडा आणि आपला तीन दिवसांचा आकडा एकाच तक्त्यात शेजारीशेजारी ठेवताना तापमान आणि दिवस लिहिलेच पाहिजेत. इनक्युबेटर २७ ऐवजी ३० वर राहिला तर काय होतं, तेही याच सूत्रातून निघतं: सुमारे ८ टक्के वाढ. २१० चे २२७. तापमापी आत पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवावा आणि रोज वाचावा. दरवाजावरच्या डिजिटल आकड्यावर विसंबू नये, रात्री वीज गेली होती की नाही हे तो सांगत नाही.

आता मुद्द्याचं. बीओडीचं सूत्र शाळकरी आहे: सुरुवातीचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये) वजा शेवटचा डीओ, भागिले नमुन्याचा अंश. ३०० मिलीच्या बाटलीत ६ मिली मैलापाणी असेल तर अंश ०.०२. म्हणजे डीओमधल्या फरकाला ५० ने गुणायचं. ब्युरेटवर ०.१ मिली चुकलं की डीओ ०.१ ने चुकला आणि बीओडी ५ ने. जर्नलमध्ये सूत्र, सिद्धान्त, महत्त्व यांवर चार पानं असतात आणि बाटली भरण्यावर एक ओळ. चूक होते ती नेमकी त्या एका ओळीत.

बाटली भरताना अडकलेला एक बुडबुडा घ्या. १ मिली हवेत ऑक्सिजन ०.२१ मिली, वजनाने सुमारे ०.२७ मिलीग्रॅम. ३०० मिलीच्या पाण्यात तो विरघळला तर डीओ ०.९ ने वाढतो. गुणिले ५०. बुचाखाली असा १ मिलीचा बुडबुडा राहिला तर तीन दिवसांत तो हळूहळू विरघळत जाईल आणि तुमचा बीओडी चाळीसेक मिलीग्रॅमने कमी दाखवेल. म्हणून बाटली ओतून भरायची नाही. सायफनची नळी तळाला टेकवा, आधी अर्धी बाटली विरळ करण्याचं पाणी घ्या, मग नमुना, मग पुन्हा नळीने गळ्यापर्यंत पाणी. नळी वर घेताना तिचं तोंड पाण्याखालीच राहू द्या. बाटलीवर दोन टिचक्या मारून भिंतीला चिकटलेले फुगे सोडवा. बूच तिरकं धरून बसवलं की जास्तीचं पाणी बाहेर पडतं आणि हवा आत राहत नाही. बूच आणि बाटली यांच्यावर एकच नंबर असतो. बुचांची अदलाबदल केली तर घासून बसवलेला सांधा नीट बसत नाही. वरच्या पसरट तोंडात पाणी भरून ठेवतात, त्याला वॉटर सील म्हणतात. २७ अंशांना ते तीन दिवसांत उडून जातं, म्हणून वर फॉइल किंवा प्लास्टिकची टोपी घाला. बाटल्या अंधारातच हव्यात. उजेड मिळाला की शेवाळ ऑक्सिजन सोडू लागतं, तेव्हा इनक्युबेटरमधला दिवा बंद आहे ना ते बघा.

नमुना काढण्यात दुसरी गफलत होते. कॅन टेबलावर अर्धा तास ठेवला की घन पदार्थ तळाला बसतात, आणि वरच्या निवळीत पिपेट बुडवली की बीओडी आपोआप कमी येतो. कॅन हलवून लगेच घ्या, रुंद टोकाची पिपेट वापरा. बारीक पिपेटच्या टोकात कण अडकतात. ३ मिलीपेक्षा कमी घ्यायची वेळ आली तर आधी नमुना दहापट विरळ करून घ्या. नमुना आणल्यापासून ४ अंशांना ठेवायचा आणि शक्यतो सहा तासांच्या आत बाटलीत घालायचा. कालचा, उन्हात उभ्या गाडीत राहिलेला कॅन असेल तर बीओडीचा काही भाग त्या कॅनमध्येच संपलेला असतो.

विरळ करण्याचं पाणी आदल्या दिवशी तयार ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये माशांच्या टाकीचा एअरपंप तासभर सोडा, मग कॅनच्या तोंडाला कापसाचा बोळा लावून रात्रभर २७ अंशांना राहू द्या. फ्रीजमधलं थंड पाणी थेट घेतलं तर त्यात जास्त ऑक्सिजन मावलेला असतो. ते कोमट झालं की बाटलीत फुगे सुटतात. वापरण्याच्या आधी दर लिटरला फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड या चारही द्रावणांचे १–१ मिली घाला. फॉस्फेट बफरच्या बाटलीत बुरशी तरंगत असेल तर ती सिंकमध्ये. पाणी चांगलं आहे की नाही हे ब्लँक सांगतो: नुसत्या पाण्याच्या बाटलीत डीओ ०.२ पेक्षा जास्त घटता कामा नये. घटला तर पाण्यात सेंद्रिय घाण आहे; रेझिनमधून काढलेल्या पाण्यात ती बऱ्याचदा सापडते. उलट तांब्याच्या भांड्यातून काढलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये तांबं उतरतं आणि जंतू मरतात, तेव्हा ब्लँक झकास येतो आणि बीओडी मात्र पडतो. ही चूक जास्त फसवी.

काही लॅब मॅन्युअलमध्ये ब्लँकची घट उत्तरातून वजा करतात. अमेरिकेच्या स्टँडर्ड मेथड्समध्ये तसं करू नका असं स्पष्ट आहे. ब्लँक हा पाण्याची परीक्षा घेण्यासाठी, दुरुस्तीसाठी नव्हे. माझा कौलही त्यालाच. पण तुमच्या विद्यापीठाच्या पेपरात सूत्र दिलं असेल तर तिथे ते पाळा.

डीओ मीटर असेल तर एकच बाटली दोन्ही वेळा वाचता येते. बहुतेक ठिकाणी विंकलर पद्धत (रसायनं घालून टायट्रेशनने डीओ मोजणं), म्हणजे जिची सुरुवातीची नोंद घेतली ती बाटली त्यातच खर्ची पडते. तेव्हा नमुन्याच्या प्रत्येक प्रमाणासाठी किमान तीन बाटल्या: एक आजची, दोन तिसऱ्या दिवशीच्या. ब्लँकच्याही तीन. चार प्रमाणं घेतली तर पंधरा. बॅच मोठी असेल तर गटांत वाटून घ्या, पण सगळ्यांनी एकाच कॅनमधलं पाणी वापरा.

विंकलर १८८८ चा, आणि अजूनही हाताने करावा असा. बूच काढून २ मिली मँगनस सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही वेळा पिपेटचं टोक पाण्याखाली. वरून थेंबथेंब सोडलं तर हवेतला ऑक्सिजन बरोबर जातो. बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढरा आला तर संपला. साका अर्ध्या बाटलीपर्यंत बसू द्या, पुन्हा एकदा हलवा, पुन्हा बसू द्या. ही दुसरी वेळ घाईत गाळली जाते, आणि मग वरच्या थरातला ऑक्सिजन अर्धवट पकडला जातो. मग २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल गळ्याच्या कडेने सोडा, बूच लावा, साका पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. चहासारखा सोनेरी रंग येतो.

यातले २०३ मिली टायट्रेशनला घ्यायचे. २०३ का, हा व्हायवातला हमखास प्रश्न. दोन रसायनांचे मिळून ४ मिली घालताना बाटलीतलं तेवढं पाणी सांडलं, म्हणून मूळ २०० मिलीच्या बरोबरीला २०० गुणिले ३०० भागिले २९६, म्हणजे २०३. १–१ मिली घालत असाल तर २०१. आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट असेल तर ब्युरेटचा १ मिली म्हणजे थेट १ मिग्रॅ प्रति लिटर डीओ. रंग गवताच्या काडीसारखा फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातला तर आयोडिन स्टार्चला घट्ट धरून बसतं आणि शेवट लांबत राहतो. निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबा; मिनिटाभराने परत आला तरी तो मोजायचा नाही.

थायोसल्फेट हा लॅबमधला गुपचूप बिघडणारा प्राणी. लिटरला ६.२०५ ग्रॅम घालून कधीतरी बनवलेला, बाटलीवर "०.०२५" लिहिलेलं, आणि आत जंतूंनी खाऊन ०.०२२ झालेला. मग प्रत्येक नोंद १४ टक्के फुगते. हे पकडायची सोपी युक्ती म्हणजे ब्लँकचा सुरुवातीचा डीओ. २७ अंशांना समुद्रसपाटीवर पाण्यात ऑक्सिजन मावतो ७.९७. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर, तिथे ७.४ च्या आसपासच. पुण्याच्या लॅबमध्ये २७ अंशांच्या पाण्याला ८.५ आला तर पाणी महान नाही, थायोसल्फेट शिळा आहे. त्या दिवशी डायक्रोमेटवर प्रमाणित करून नवी नॉर्मलिटी बाटलीवर तारखेसकट लिहा.

बाटलीत किती मिली नमुना? शेवटी डीओ किमान १ उरला पाहिजे आणि किमान २ खर्च झाला पाहिजे, ही अट. सुरुवातीला ७.४ असेल तर खर्चाला ६.४ मिळतात. म्हणून ३ मिलीची बाटली साधारण २०० ते ६४० बीओडी मोजू शकते, ६ मिलीची १०० ते ३२०, ९ मिलीची ६७ ते २१३. पुस्तकांतले तक्ते बहुधा २० अंशांचे, ९ च्या वरच्या डीओवर बेतलेले असतात. २७ अंशांना तुमच्याकडे तेवढं भांडवलच नसतं, त्यामुळे ते तक्ते जसेच्या तसे घेतले तर वरच्या प्रमाणाच्या बाटल्या बाद होतात.

एक संच करून बघू. ३ मिली: ७.३ वरून ५.१, घट २.२, बीओडी २२०. ६ मिली: ७.३ वरून ३.१, बीओडी २१०. ९ मिली: ७.२ वरून १.१, घट ६.१, बीओडी २०३. तिन्ही अटीत बसतात, सरासरी २११. आता १२ मिलीच्या बाटलीत पांढरा साका आला, डीओ शून्य. इथे ७.२ भागिले ०.०४ करून १८० लिहिणारे खूप. तो १८० म्हणजे बाटलीतला सगळा ऑक्सिजन संपला एवढंच. जंतूंना अजून हवा होता. उत्तर "१८० पेक्षा जास्त", आणि सरासरीत त्याला जागा नाही.

खोटं जर्नल इथेच उघडं पडतं. तीन प्रमाणांची उत्तरं २१०, २१०, २१० असली तर ती ब्युरेटवरून आलेली नाहीत, उत्तरावरून उलटी काढलेली आहेत. मे महिन्यात सुरुवातीचा डीओ ९.२. सगळ्या नोंदी .० किंवा .५ वर संपणाऱ्या. मागच्या पानावर सीओडी १९० आणि इथे बीओडी २१०. डायक्रोमेट जे जाळू शकत नाही ते जंतूंनी खाल्लं म्हणायचं. खऱ्या नोंदी थोड्या विस्कटलेल्या असतात. २२०, २१०, २०३ असं येणं हे लक्षण चांगलं आहे, ते गुळगुळीत करू नका.

एसटीपीच्या, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, बाहेर पडणाऱ्या पाण्याची तऱ्हा वेगळी. अंतर्गत पृष्ठभागी पाण्यात (नदी, नाले, तलावांत) सोडण्यासाठी सर्वसाधारण मानक ३० मिग्रॅ प्रति लिटर, तीन दिवस २७ अंशांचं. इथे ३० ते ६० मिली नमुना घ्यायचा, म्हणजे गुणक १० किंवा ५, आणि हाताची चूक तेवढी फुगत नाही. पण क्लोरिन असतो. तो सोडियम सल्फाइटने मारावा लागतो आणि मग निवळलेल्या मैलापाण्याचं बीज घालावं लागतं, नाहीतर बाटलीत काम करायला कोणीच नसतं. सल्फाइट जास्त पडलं तर तेच ऑक्सिजन खातं. बीजामुळे होणारी घट ०.६ ते १.० असावी आणि ती उत्तरातून वजा करायची. ही वजाबाकी ब्लँकची नव्हे, बीजाची.

त्याहून मोठी भानगड नायट्रिफिकेशनची, म्हणजे जंतू अमोनियाचं नायट्रेट करतात त्याची. कच्च्या मैलापाण्यात नायट्रीफाय करणारे जंतू कमी असतात, तीन दिवसांत ते जागे होत नाहीत. शुद्ध झालेल्या पाण्यात ते प्लांटमधूनच आलेले असतात. अमोनियातला १ मिलीग्रॅम नायट्रोजन ४.५७ मिलीग्रॅम ऑक्सिजन घेतो. खरा कार्बनी बीओडी १२ असलेल्या पाण्यात ३ मिलीग्रॅम नायट्रोजन जरी नायट्रेटपर्यंत गेला तरी बाटली २६ दाखवेल. चांगला चालणारा प्लांट असा कागदावर काठावर येतो. अॅलिलथायोयुरिया घालून हे रोखतात, आणि घातलं असेल तर अहवालात तसं लिहितात.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हाच आकडा टाकीच्या आकारात जाऊन बसतो. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या मैलापाण्यावरच्या २०१३ च्या मॅन्युअलमध्ये माणशी रोज २७ ग्रॅम बीओडी धरलेला आहे. १३५ लिटर पाण्यापैकी ८० टक्के मैलापाणी, म्हणजे १०८ लिटर, आणि २७ ग्रॅमला त्याने भागलं की २५० मिग्रॅ प्रति लिटर. एक लाख वस्तीला रोज २,७०० किलो. लॅबचा २११ आणि मॅन्युअलचा २५० यांत फरक दिसला की आधी गावाचा माणशी पाणीपुरवठा, गटारात झिरपणारं पाणी आणि नमुना कितीला घेतला ते तपासा. सकाळी आठचा एकच कॅन दिवसभराचा बीओडी सांगत नाही; दर तासाला नमुना घेऊन प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलेला संमिश्र नमुना हवा. तो नसेल तर डिझाइनला मॅन्युअलचा आकडा घ्या आणि लॅबचा शेजारी लिहा.

टायट्रेशन झाल्यावर बाटलीत उरलेलं पाणी भरपूर पाण्याबरोबर जाऊ द्या, पण अझाइडच्या मूळ द्रावणाची जुनी बाटली कधीही सिंकमध्ये ओतू नका. अझाइड विषारी आहे, आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो, आणि तांब्याशिशाच्या पाइपात साचलं तर स्फोटक क्षार बनतात. लेबल लावून ती रासायनिक कचऱ्याच्या खोक्यात ठेवा.